रेट्रो लोगोसाठी जुने रंग कसे निवडायचे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात लोगो आणि पॅकिंगची डिझाइनं करतो आणि हल्ली दर दुसरा क्लायंट येऊन "जरा जुना फील द्या हो" म्हणतो. मिसळवाले, लाकडी घाण्याचं तेल विकणारे, घरी साबण बनवणाऱ्या एक ताई, सगळे. प्रश्न पण तेच तेच असतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

प्र. विंटेज आणि रेट्रो एकच ना?

नाही, पण त्यावरून भांडण्यासारखं काही नाही. खरंच जुनी वस्तू ती विंटेज, आत्ता बनवलेली पण जुन्यासारखी दिसणारी ती रेट्रो. आजीचा पितळी डबा विंटेज, तुमचा लोगो रेट्रो. बास.

प्र. रेट्रो म्हणजे ब्राउन आणि क्रीमच ना?

हाच तो प्रश्न ज्याच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. नाही, नाही आणि नाही.

माझ्या आईकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात ती सोऱ्याच्या चकल्या ठेवते. बाहेरून बघाल तर एकदम "रेट्रो", मळकट पिवळा, चॉकलेटी झालेला लाल, कोपऱ्यात गंज. एकदा एका कामासाठी रंग बघायला म्हणून मी तो उचलला आणि झाकण काढलं, तर झाकणाच्या खाली जी दोन बोटं पट्टी कायम झाकलेली राहते ना, तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं आणि तिथला लाल असा काही भडक होता की काय सांगू, ताज्या कुंकवासारखा, आणि त्याच्या शेजारी स्वच्छ लिंबू पिवळा. म्हणजे तो डबा दुकानात होता तेव्हा तो असा होता! मळकट त्याला नंतर उन्हानं आणि स्वयंपाकघराच्या धुरानं केलं.

जुने लोक काही मातकट रंगात राहत नव्हते. भडक शाई मिळाली की ते ती खुशाल वापरायचे. १८५६ साली विल्यम पर्किन या रसायनशास्त्रज्ञानं लंडनमध्ये कापडाचा एक कृत्रिम रंग शोधला, तो जांभळ्या छटेचा मॉव्ह, आणि त्यानंतर एकामागोमाग एक कृत्रिम रंग बाजारात आले, तेव्हापासून लोकांनी चटक रंगांचा नुसता धुमाकूळ घातलाय. कागद पिवळा पडतो कारण स्वस्त कागदात लाकडाचा लिग्निन असतो, तो हवा-उजेडानं पिवळट होतो. तो कागदाचा दोष, डिझायनरचा नव्हे.

अजून एक गंमत बघा. जुन्या सलूनमध्ये भिंतीवर हेअरस्टाइलची पोस्टरं असतात, ती कायम निळी-निळी झालेली असतात, हीरोचा चेहरा पण निळा. उन्हात पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, निळी आणि काळी मागे राहते, म्हणून. म्हणजे "जुनं" कधी पिवळं होतं, कधी निळं होतं, सगळं चॉकलेटी होतं हे फोटोच्या फिल्टरांनी आपल्या डोक्यात घातलंय.

त्यामुळे आधी ठरवा, तुम्हाला जुनी झालेली वस्तू दाखवायचीय की त्या काळातली नवी वस्तू. माझं मत विचाराल तर ९० टक्के वेळा दुसरं घ्या.

प्र. मग सुरुवात कुठून करायची?

एक वस्तू आणि एक काळ पकडा. "साधारण जुनं" असं काही नसतं. क्लायंटला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, जुनं म्हणजे कोणाचं, पणजोबांचं, आजोबांचं की तुमच्या शाळेतलं? कारण तिन्हीचे रंग वेगळे आहेत, आणि ते वेगळे का आहेत तर छापायची आणि रंगवायची पद्धत वेगळी होती.

पणजोबांचा काळ म्हणजे दगडावरची छपाई, लिथो. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन माणसानं चालवला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं आपल्या कित्येक देवघरांत होती. या पद्धतीत प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकेका चित्राला असे कितीतरी दगड, त्यामुळे रंग एकावर एक बसून खोल आणि गर्भरेशमी दिसतात, डाळिंबी, मोरपंखी, जुन्या सोन्याचा पिवळा. गिरणीच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर चिकटवायची रंगीत टिकिटं पण अशीच छापलेली असायची. अत्तर, साडी, दागिने, मिठाई असल्या ब्रँडला हा काळ शोभतो.

मग १९३० ते ५० चं मुंबई डेको, म्हणजे आर्ट डेको शैलीच्या बिल्डिंगींचा काळ. थिएटरंच बघा, रीगल १९३३ चं, इरॉस १९३८ चं, लिबर्टी १९४९ चं. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या बिल्डिंगी बघा (२०१८ पासून तो सगळा भाग जागतिक वारशात आहे), तिथे क्रीम, फिक्कट पिस्ता, फिक्कट गुलाबी आणि मध्येच विटकरी पट्टा. इथे रंग फिक्के आहेत ते जुने झाले म्हणून नाही, मुळातच तसे लावलेले. याच काळातल्या घरांत खाली सिमेंटच्या नक्षीच्या लाद्या, त्यांचा लाल-पिवळा लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणून तो कधी भडक होत नाही. बेकरी, कॅफे, हॉटेल, आर्किटेक्टचं ऑफिस यांना मी हे देतो.

आजोबांचा काळ म्हणजे ५०-६० चं दशक, आणि हा माझा सगळ्यात लाडका. मासिकं, दिवाळी अंक, काडेपेट्या, औषधाच्या बाटल्यांची लेबलं. बरीच छपाई ब्लॉकवर, म्हणजे धातूच्या ठशांवर, आणि बजेट दोन किंवा तीन रंगांचं. चित्रकार दीनानाथ दलालांची 'दीपावली' अंकातली चित्रं किंवा रघुवीर मुळगांवकरांचं स्प्रेचं काम बघितलं तर थक्क व्हायला होतं, पण मला त्याहून जास्त शिकवलं ते आतल्या पानांवरच्या साध्या जाहिरातींनी, जिथे बिचाऱ्या आर्टिस्टला फक्त शेंदरी आणि निळा मिळालाय आणि तेवढ्यात त्यानं तेल, साबण, सायकल सगळं विकलंय.

७० चं दशक म्हटलं की इंटरनेटवर सगळे नारिंगी-मोहरी-चॉकलेटी पट्टे दाखवतात. ते अमेरिकेचं ७० आहे हो, तिकडे फ्रिज पण अव्होकाडो हिरवे आणि हार्वेस्ट गोल्ड रंगाचे होते. तुमचा ब्रँड सर्फबोर्डचा असेल तर जरूर घ्या, सांडगे-पापडाचा असेल तर जरा विचार करा.

आणि शाळेतला काळ, ८०-९० चं, राणी कलर, पोपटी, रिक्षाच्या मागचे रेडियमचे स्टिकर. याला अजून कोणी "क्लासी" म्हणत नाही म्हणूनच यात मजा शिल्लक आहे.

प्र. किती रंग घ्यायचे?

दोन. फार तर तीन. कागदाचा रंग धरून चार.

याचं कारण नुसतं सौंदर्याचं नाही, पैशाचं आहे. एक रंग वाढला की एक ब्लॉक वाढायचा, मशीनवर एक फेरी वाढायची. म्हणून जुनं काम कमी रंगांचं असतं आणि आपल्या डोळ्याला ते नकळत कळतं, तुम्ही सात रंग टाकून वर कितीही जुना फॉन्ट लावा, ते आजचंच दिसणार.

पण त्या लोकांची युक्ती बघा. शेंदरी (आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्याचे आकडे, २२६, ८४, ३८) आणि प्रशियन ब्लू (२०, ५२, ९२) घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून वरच्याला 'मल्टिप्लाय' मोड लावा, जिथे दोन्ही एकमेकांवर येतात तिथे जवळजवळ काळा मिळतो, १८, १७, १४ च्या आसपास. दोन शायांच्या पैशात तिसरा रंग फुकट! अक्षरं त्या काळ्यात, चित्र दोन रंगांत. एखाद्या ठिकाणी दोन रंग केसभर सरकवा, कडेला बारीक पांढरी फट राहील, रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, हललेल्या जुन्या छपाईसारखी. पण केसभरच, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं आपला चष्म्याचा नंबर वाढला.

प्र. जुन्या वस्तूचा फोटो काढून त्यावरून रंग उचलला तर?

उचला, पण सॉफ्टवेअरमधला रंग उचलायचा ड्रॉपर नुसता टेकवून नाही. घरात पिवळ्या बल्बखाली फोटो काढला की सगळंच पिवळं येतं. वस्तू खिडकीजवळ पण सावलीत ठेवा, शेजारी एक कोरा झेरॉक्सचा कागद ठेवा, आणि आधी तो कागद फोटोत पांढरा दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स जुळवा. मग झाकणाखाली, घडीच्या आत, फ्रेमच्या कडेला दडलेल्या जागी रंग शोधा, तिथे मूळ रंग वाचलेला असतो. एकाच ठिपक्यावरून पण घेऊ नका, जुन्या छपाईत ठिपके असतात, एक ठिपका गुलाबी निघेल, शेजारचा पिवळा. थोडा भाग ब्लर करा आणि मग उचला. इंटरनेटवरच्या स्कॅनवर तर अजिबात भरवसा नको.

प्र. तयार पॅलेट द्या ना, एवढं कोण करत बसणार!

माहितीच होतं. घ्या, पण हे माझ्या अंदाजाचे आकडे आहेत, आरजीबीत, तुमच्या कामाप्रमाणे खालीवर करा.

देवघरातल्या तसबिरीचं: डाळिंबी १४२, ३२, ४४, मोरपंखी ०, ९८, १०४, जुनं सोनं २०१, १५४, ६२ आणि कागद मोतिया २४६, २३६, २१२. यात सोनं दागिन्यासारखं, म्हणजे थोडंसंच.

मरीन ड्राइव्हचं: पिस्ता १९०, २११, १८४, क्रीम २४५, २३२, २०५, विटकरी १६८, ७२, ५०. अक्षरांसाठी कोळशासारखा काळा, ठार काळा नको.

दिवाळी अंकाचं वर दिलंच आहे, शेंदरी आणि प्रशियन ब्लू.

स्टिकरवालं: राणी २१४, २८, ११२, पोपटी १४०, १९०, ४०, काळा आणि पांढरा. हे करायला छाती लागते.

आणि ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्यात त्यांच्याकडे अर्धं पॅलेट आधीच आहे. पोस्टर कलरच्या त्या बाटल्या आठवा, क्रिमसन लेक, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, प्रशियन ब्लू. यातले ऑकर आणि सिएना मूळचे मातीचेच रंग, चित्रकार शतकानुशतकं वापरत आलेत, त्यामुळे ते कुठल्याच काळात परके वाटत नाहीत.

प्र. क्लायंटला हे आकडे कळत नाहीत, समजवायचं कसं?

साडीच्या दुकानात जसं बोलतात तसं बोला. आपल्या भाषेत रंगांची इतकी नेमकी नावं आहेत आणि आपण "टील" आणि "मस्टर्ड" करत बसतो. चिंतामणी, अबोली, आमसुली, गुलबक्षी, श्रीखंडी, शेवाळी, केतकी, किरमिजी. मी एकदा एका काकूंना स्क्रीनवर जांभळ्या-तपकिरीच्या सहा छटा दाखवत होतो, त्या नुसत्या "हं, हं" करत होत्या, शेवटी म्हटलं, "काकू, आमसुली करू का?" तर लगेच, "हां मग तसं सांग की, पण भिजवलेल्या आमसुलाचा नको, सुक्या आमसुलाचा कर." इतकं नेमकं ब्रीफ मला कुठल्या कंपनीनं आजवर दिलेलं नाही.

प्र. बॅकग्राउंड क्रीमच ठेवू का?

ठेवा, पण चहात बुडवल्यासारखा नको. २४७, २३८, २१५ च्या आसपास राहा.

प्र. मोठे ब्रँड पण जुन्याकडे वळतायत म्हणे?

हो. बर्गर किंगनं २०२१ मध्ये लोगो बदलला तेव्हा १९९९ पासूनचं ते निळं वर्तुळ काढून टाकलं आणि १९६९ वाल्या लोगोच्या वळणावर परत गेले, आता लाल, केशरी, चॉकलेटी, म्हणजे जेवणाचेच रंग. नासानं १९७५ चा तो लाल, वळणदार अक्षरांचा लोगो १९९२ मध्ये बंद केलेला, तो २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. पण लक्षात घ्या, हे दोघं स्वतःच्याच कपाटातलं जुनं काढतायत. तुमचं दुकान मागच्या वर्षी सुरू झालं असेल तर कृपा करून "स्थापना १९५२" लिहू नका, मला हे तीन जणांनी करायला सांगितलंय.

प्र. आम्हाला इराणी हॉटेलसारखा लूक हवाय.

सगळ्यांनाच हवाय. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, काळ्या वळलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबल, झालं. एका गल्लीत तीन कॅफे हेच करतायत. तुमच्या गावात बघा ना काय होतं, एसटीचा लाल, वाड्याचा गेरू आणि चुना, लाल कोब्याची जमीन. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, तो काळा-पिवळा अजून लोकांच्या डोळ्यात ताजा आहे, त्याच्यावर नीट काम केलेलं मी फार कमी बघितलंय.

प्र. जुन्या ब्रँडचेच रंग घेतले तर चालतील का?

रंग कोणाच्या बापाचा नाही हे अर्धंच खरं आहे. आपल्या १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात मार्कच्या व्याख्येत रंगांची जुळणी पण येते. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कागदात ग्लुकोज बिस्किटं विकायला गेलात तर नोटीस येणारच, आणि ती यावीच. सोप्पा नियम म्हणजे त्याच धंद्यातल्या, अजून चालू असलेल्या ब्रँडची जुळणी उचलायची नाही. बिस्किटाच्या पाकिटावरून साबणाला प्रेरणा घ्या, बिस्किटाला नको. शंका असेल तर वकिलाला विचारा, मला नका विचारू.

प्र. स्क्रीनवर मस्त दिसतं, छापून आलं की मेलेलं का दिसतं?

कारण स्क्रीन उजेडानं रंग दाखवते आणि कागदावर चार शाया मिळून रंग करतात, सीएमवायके. झगझगीत शेंदरी आणि राणी कलर त्या चार शायांत नीट येतच नाहीत. त्याला स्पॉट कलर लागतो, म्हणजे तयार घोटलेली एकच शाई, पॅन्टोनचं नंबरांचं पुस्तक १९६३ पासून त्यासाठीच आहे. दोन रंगांचा लोगो असेल तर दोन स्पॉट शाया घ्या, जुन्या छपाईच्या सगळ्यात जवळ तेच जातं, आणि प्रेसवाल्याला हे आधी सांगा, प्लेटा निघाल्यावर नको.

आता माझं पाप सांगतो. एका मसाल्याच्या ब्रँडला मी तसबिरीवालं पॅलेट दिलं, डाळिंबी आणि मोरपंखी, स्क्रीनवर काय दिसत होतं म्हणता! क्लायंट म्हणाला बॉक्स क्राफ्ट पेपरचा करू, रेट्रो दिसेल, मी पण "हो, छान" म्हणून मोकळा. नमुना छापलाच नाही, घाई होती, गणपती तोंडावर. एक हजार बॉक्स आले आणि मोरपंखी कुठेच नव्हता, त्या जागी शेवाळ होतं. डाळिंबीचं वाळलेलं तिखट झालेलं. शाई पारदर्शक असते, खालचा खाकी कागद तिच्यात मिसळतो, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं! लक्षात आलं नाही. क्लायंटनं मोठ्या मनानं ते बॉक्स वापरले, पण निम्मी छपाई मी माझ्या खिशातून भरली. तेव्हापासून क्राफ्टवर एकतर फक्त काळा नाहीतर खाली पांढऱ्या शाईचा थर, आणि त्याच कागदावर नमुना छापल्याशिवाय ऑर्डर नाही.

प्र. मोहरी रंगाची अक्षरं क्रीमवर छान दिसतात, मग वाचता का येत नाहीत?

कॉन्ट्रास्ट. वेबसाइटच्या मजकुराला निदान ४.५ ला १ असा फरक लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. मोहरी (२१२, १६०, ४०) वर दिलेल्या क्रीमवर ठेवली तर जेमतेम २ येतो, म्हणजे मोठ्या अक्षरांना पण नापास. तिथे गडद डाळिंबी (११०, २८, ३६) घेतली की ९ च्या पुढे जातो. मोहरी पट्टीला वापरा, फुलाला वापरा, फोन नंबरला नको. उन्हात मोबाईल धरून एकदा बघा, लगेच समजतं.

प्र. लोगोवर घासल्यासारखे, उडालेल्या रंगाचे डाग टाकू का?

पोस्टरवर टाका, इन्स्टाच्या पोस्टवर टाका. मूळ लोगोच्या फाइलमध्ये नाही, रबरी शिक्का करायला जाल तेव्हा मला आठवाल.

प्र. दुकानाच्या पाटीवर पेंटरकडून हातानं रंगवून घ्यायचंय, त्याला काय द्यायचं?

पहिलं म्हणजे, वा! करा नक्की. त्याला आरजीबीचे आकडे देऊ नका, तो तुमच्याकडे बघत राहील. ए-फोर कागदावर रंगाचे मोठे चौकोन छापून न्या, त्याहून बरं म्हणजे पेंटच्या दुकानातलं शेड कार्ड आणा आणि जवळात जवळची शेड त्याच्यासमोर बसून ठरवा. ऑइल पेंट ओला असताना आणि वाळल्यावर वेगळा दिसतो, म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर दोन्ही रंग शेजारी-शेजारी लावून घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, जिथे पाटी लागणार तिथे नेऊन बघा. रंग थोडा जास्त भडक वाटला तर घाबरू नका, राहू द्या, दोन उन्हाळ्यांत तो आपोआप खाली येतो. आणि उरलेल्या रंगाचा डबा पेंटरकडे ठेवू नका, घरी आणा, वर तारीख आणि शेड नंबर लिहून ठेवा.